बालगृह आणि मंडळीतील स्त्रिया



डिसेंबर महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात शहरातील कोणत्याही बालगृहाच्या कार्यालयात डोकावले, तर दिसणारे दृश्य बहुधा सारखेच असते. टेबलावर केकचे डबे एकावर एक रचलेले असतात, कोपऱ्यात जुन्या कपड्यांची गाठोडी पडलेली असतात आणि दाराशी पुढच्या मंडळाची गाडी येऊन थांबलेली असते. मुलांना पुन्हा एकदा रांगेत बसविण्यात येते. सकाळी म्हटलेली नाताळची गीते ती दुपारी पुन्हा म्हणतात, सायंकाळी तिसऱ्यांदा म्हणतात. केकही तिसऱ्यांदा खातात. तेच बालगृह जून महिन्यात पाहावे. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. वह्या, दप्तरे, बूट, रेनकोट यांची लांबलचक यादी तयार असते, स्वयंपाकघराच्या छपरातून पाणी गळत असते, वाण्याची उधारी वाढत चाललेली असते. आणि दाराशी एकही गाडी नसते.

याचा दोष कोणाच्या अंतःकरणाच्या कोरडेपणाकडे जात नाही. दया पुष्कळ आहे. तिचे वेळापत्रक मात्र देणाऱ्याच्या सोयीने ठरत आले आहे. मंडळीतील स्त्रियांच्या संघटनांनी बालगृहाला साह्य कसे करावे, हा विचार येथूनच आरंभावा लागतो. या प्रश्नाचे एक उत्तर सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी विदुषीने आणि तिच्या परदेशी मैत्रिणींनी मिळून शोधून काढले होते. ते आजही विचारात घेण्याजोगे असल्यामुळे त्याची हकीकत काहीशी सविस्तर सांगणे अस्थानी होणार नाही.

पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहण्यासाठी. त्या वेळी त्या इंग्लंडमध्ये होत्या. तेथेच १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला होता. अमेरिकेतील मुक्काम थोड्या दिवसांचा ठरला होता. तो दोन वर्षांहून अधिक लांबला. १८८७ साली फिलाडेल्फिया येथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. आनंदीबाई ज्या महाविद्यालयात शिकल्या, त्याच्या अधिष्ठात्री रेचेल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली होती. पुस्तकाच्या अखेरीस रमाबाईंनी एक स्पष्ट मागणी मांडली: हिंदुस्थानातील बालविधवांसाठी एक निवासी शाळा हवी आहे, आणि तिला पैसा हवा आहे.

त्या मागणीला मिळालेला प्रतिसाद पाहण्यासारखा आहे. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. युनिटेरियन पंथाचे एडवर्ड एव्हरेट हेल तिचे अध्यक्ष झाले. उपाध्यक्षांमध्ये एपिस्कोपल पंथाचे फिलिप्स ब्रुक्स होते आणि मद्यपानबंदीच्या चळवळीतील मेथडिस्ट कार्यकर्त्या फ्रान्सिस विलार्डही होत्या. एरवी एकमेकांच्या उपासनेला क्वचितच बसणारे हे लोक एका परदेशी विधवेच्या शाळेसाठी एकत्र बसले. तथापि असोसिएशनचे खरे बळ या थोरांच्या नावांत नव्हते. ते होते गावोगावी स्थापन झालेल्या ‘रमाबाई सर्कल’ नावाच्या छोट्या मंडळांत. या मंडळांत मुख्यतः स्त्रिया होत्या. सभासद होणारीने वर्षाकाठी निदान एक डॉलर द्यावयाचा आणि तो सतत दहा वर्षे द्यावयाचा, असे वचन तिच्याकडून घेतले जाई.

या दहा वर्षांच्या अटीकडे लक्ष द्यावयास हवे. एक डॉलर ही रक्कम त्या काळीही फार मोठी नव्हती. एखाद्या धनिकाने एका हाताने तेवढे पैसे दिले असते तर कदाचित काम लवकर झाले असते. परंतु धनिकाचे मन पालटते, व्यापार बुडतो, वारस निराळ्या मताचे निघतात. शेकडो स्त्रियांनी दहा वर्षांसाठी दिलेले लहान वचन हे त्याहून भक्कम ठरते, कारण त्यांतील काही गळाल्या तरी उरलेल्या टिकून राहतात. रमाबाई १८८९ च्या आरंभी मुंबईस परतल्या, तेव्हा पुढच्या दहा वर्षांत शाळेला किती पैसा मिळणार याचा अंदाज त्यांच्या हाती होता. ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीवर ‘शारदा सदन’ सुरू झाले, ते अवघ्या दोन विद्यार्थिनींवर. त्यांपैकी विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. याच गोदूबाई पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध होऊन आनंदीबाई कर्वे झाल्या. दोनच मुली असताना शाळा बंद पडली नाही, याचे श्रेय त्या एक डॉलरवाल्या स्त्रियांना आहे. आज कित्येक संस्था पहिल्या वर्षीच मुलांची संख्या वाढविण्याच्या मागे लागतात, कारण संख्या दाखविल्याविना देणगी मिळत नाही. शारदा सदनावर तो दाब नव्हता.

अमेरिकेतील स्त्रिया आपल्या संस्था कशा चालवितात, सभा कशा भरवितात, लहान लहान वर्गण्यांतून मोठे काम कसे उभे करतात, हे रमाबाईंनी बारकाईने पाहिले होते. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या मराठी ग्रंथात त्यांनी तेथील स्त्रियांच्या स्थितीविषयी आणि संघटनांविषयी विस्ताराने लिहिले आहे. महिला मंडळांच्या वाचनालयांत हा ग्रंथ असावयास हवा. बहुतेक ठिकाणी तो नसतो.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. शारदा सदनात कोणत्याही धर्माचा उपदेश केला जाणार नाही, विद्यार्थिनींना आपापल्या जातीचे आचार पाळण्याची मोकळीक राहील, असे आरंभापासूनच जाहीर करण्यात आले होते. याच आश्वासनामुळे महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांसारखे सुधारक संस्थेच्या सल्लागार मंडळात आले आणि सनातनी घरांतील लोकांनीही आपल्या विधवा मुलींना तेथे पाठविले. १८९० साली सदन पुण्यास हलविण्यात आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली त्या प्रार्थनेस येऊन बसू लागल्या. दार मी लावणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. मुलींना शिक्षणासाठी पाठविले होते, धर्मांतरासाठी नव्हे, अशी दुसरी बाजू होती. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ साली सल्लागारांनी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि रमाबाईंच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु बालगृहाला साह्य करणाऱ्या मंडळाने त्याकडे मुलीच्या बाजूने पाहावे. जी मुलगी काढून नेली गेली, तिची पाटी सुटली. मोठ्या माणसांमधील वचनात जी जागा अस्पष्ट राहिली, तिची किंमत त्या मुलीने दिली. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, कुटुंबापासून दूर वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्याचा धर्म, संस्कृती आणि भाषा यांचे सातत्य लक्षात घ्यावे, असे म्हटले आहे. म्हणून मंडळीतील स्त्रियांनी एखाद्या बालगृहाशी संबंध जोडताना हा मुद्दा पहिल्याच बैठकीत लिहून काढावा. मुले कोणकोणत्या घरांतून आलेली आहेत, प्रार्थनेस बसणे त्यांच्या इच्छेवर आहे की नाही, आपल्या देणगीशी कोणती अपेक्षा जोडलेली आहे, हे उघड असावे. ताटातील भाकरीच्या मोबदल्यात स्तोत्र म्हणावयास लावणे हे ख्रिस्ती परंपरेलाही शोभणारे नाही, आणि मुलांना हा व्यवहार फार लवकर कळतो.

दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपली. रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या, झालेल्या कामाचा आणि खर्चाचा वृत्तान्त त्यांनी दिला, आणि असोसिएशनची नव्याने उभारणी झाली. मधल्या काळात कामाचे स्वरूपच पालटून गेले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो स्त्रिया व मुली घेऊन आल्या. ऐन तारुण्यात त्यांनी स्वतः दुष्काळ भोगला होता. त्यांचे आईवडील त्यातच गेले होते. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर चालू असल्यामुळे या साऱ्यांना दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे, आधीच घेऊन ठेवलेल्या जमिनीवर, नेण्यात आले. तेच ‘मुक्ती सदन’. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांच्या घरात गेली. दोन मुलींची शाळा ती हीच, अवघ्या अकरा वर्षांत.

एवढ्या माणसांना केवळ देणग्यांवर पोसणे अशक्य होते. केडगावला शेती होती, गुरे होती, हातमाग होते, तेलाचा घाणा होता, आणि मुलीच खिळे जुळवीत असा छापखाना होता. अंध स्त्रियांसाठी, वृद्धांसाठी आणि मुलग्यांसाठी निराळे विभाग होते. त्याचे अनुकरण आज जसेच्या तसे करता येणार नाही. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, घरगुती मदतीसारखे काही अपवाद वगळता, चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. बालगृहातील मुलांनी बनविलेल्या मेणबत्त्या चर्चच्या आवारात विकून पैसे उभे करण्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी हे बंधन विसरून चालणार नाही. परंतु बालगृहातून बाहेर पडलेल्या तरुण मुलींनी शिवलेले कपडे, केलेले पापड-लोणची महिला मंडळाने घरोघरी घ्यावयास कोणाचीच हरकत नाही.

लहान वर्गणी दीर्घ काळ देण्याची पद्धत आपल्या देशात अपरिचित आहे, असेही नाही. मिझोराममध्ये ‘बुहफाइ थाम’ म्हणजे मूठभर तांदूळ ही प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळापासून चालत आलेली आहे. घरातील स्त्री प्रत्येक वेळी भात शिजविण्यापूर्वी एक मूठ तांदूळ बाजूला काढून ठेवते. मंडळीतील स्त्रिया ते घरोघरी फिरून गोळा करतात. विक्रीतून येणारे पैसे मंडळीच्या कार्याला जातात. अशा मुठी-मुठीतून दरसाल कोट्यवधी रुपये उभे राहतात. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी ‘मुष्टिफंड’ सुरू केला, त्यामागेही हीच कल्पना होती. आणि वसतिगृहातील मुलांसाठी आपले दागिने विकणाऱ्या लक्ष्मीबाईंना आठवल्याविना त्या मुष्टिफंडाची गोष्ट पुरी होत नाही. यातील गमक असे की, तांदूळ काढून ठेवणाऱ्या स्त्रीला त्यासाठी नवऱ्याकडे हात पसरावा लागत नाही. घरात पैशाची सत्ता जिच्या हाती नसते, तिच्याही हाती तांदळाचा डबा असतो.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. रमाबाईंच्या काळी अनाथ मूल हे ज्याच्या दाराशी येईल त्याचे, अशीच स्थिती होती. आज तसे नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदणी केलीच पाहिजे. न केल्यास चालकाला एक वर्षापर्यंत कैद, अथवा एक लाखाहून कमी नाही इतका दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मुलाला बालगृहात ठेवण्याचा आदेश जिल्ह्याची बालकल्याण समिती देते. म्हणून साह्य देण्यापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावयास मागणे यात संकोच वाटण्याचे कारण नाही. चांगल्या संस्थेत ते कार्यालयाच्या भिंतीवर लावलेले असते. ज्या संस्थेला ते दाखविणे अपमानास्पद वाटते, तिच्याविषयी सावध राहावे. पदाधिकारी आपल्याच मंडळीतील आहेत, पाळकांच्या ओळखीचे आहेत, हे प्रमाणपत्राच्या ऐवजी चालत नाही.

मंडळीतील स्त्रियांकडे आणखी एका प्रसंगी विश्वासाने धाव घेतली जाते. एखादी अविवाहित मुलगी गरोदर असते, किंवा एखाद्या विधवेला तिसरे मूल सांभाळणे अशक्य झालेले असते, आणि कोणीतरी म्हणते, ‘बाई, तुमच्या ओळखीत मूल नसलेले चांगले कुटुंब असेल तर पाहा.’ यात दोन्ही घरांचे भले आहे असे वरवर दिसते. परंतु असे परस्पर दिलेले मूल हे कायद्याच्या दृष्टीने दत्तक गेलेले नसतेच. आणि पुढे तंटा उभा राहिला तर त्या मुलाला ना हे घर राहते ना ते. अशा वेळी १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. सापडलेले, टाकून दिलेले मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते, प्रवासाचा वेळ सोडून. मंडळातील प्रत्येक सभासदाला हा क्रमांक पाठ असावा.

छायाचित्रांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे, कारण तेथे कोणालाच आपण काही गैर करतो आहोत असे वाटत नाही. भेटीच्या शेवटी सारे एकत्र उभे राहतात, मोबाइल फोन निघतात, आणि सायंकाळपर्यंत त्या मुलांचे चेहरे शेकडो घरांत पोहोचलेले असतात. बालगृहातील मुलाची ओळख पटेल असे नाव, छायाचित्र वा माहिती प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे; त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड सांगितलेला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी विचार करावा. बालगृहातील नववीतील मुलीने शाळेत आपण मावशीकडे राहतो असे सांगितलेले असते. हातात दान घेतलेले तिचे छायाचित्र वर्गातील दुसऱ्या मुलीच्या आईच्या फोनवर येते. पुढच्या सोमवारी शाळेत काय घडते, ते तीच सहन करते. मंडळाच्या वार्षिक अहवालात दुरुस्त झालेल्या छपराचे छायाचित्र छापावे. ते पुरेसे आहे.

भेटींविषयीही काही सांगणे आवश्यक आहे. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० साली संस्थांमधील १३६ लहान बालकांविषयी एक अभ्यास सुरू झाला. त्यांतील निम्म्यांना पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले आणि उरलेली संस्थेतच वाढली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि भावनिक वाढ अधिक चांगली झाली. जी दोन वर्षांची होण्यापूर्वी गेली त्यांची विशेष. मुलाला एकच एक परिचित माणूस लागते, जे रडल्यावर येते आणि उद्याही येते. दर आठवड्यास नवी मावशी येऊन मांडीवर घेते आणि पुन्हा दिसत नाही, याने मुलाची माया वाढत नाही. माणसे जातातच, हे मात्र ते शिकते. म्हणून चाळीस सभासदांनी वर्षातून एकदा जाण्यापेक्षा चौघींनी वर्षभर दर शनिवारी जावे, ठरलेल्या वेळी जावे, आणि गणित किंवा इंग्रजी यांसारखे एखादे ठरलेले काम घेऊन जावे. त्यांची पार्श्वभूमी संस्थेने तपासावी. आपल्यालाही तपासतात म्हणून रुसू नये. २०१२ च्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने असा अत्याचार कळूनही न कळविणाऱ्यालाही दोषी धरले आहे, त्यामुळे एखाद्या मुलाने विश्वासाने काही सांगितले तर संस्थेची अब्रू सांभाळण्यासाठी ते दडपण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

या साऱ्यात एक व्यक्ती मात्र सर्वांच्या नजरेतून सुटते. ती म्हणजे गृहमाता. रात्री ताप आलेल्या मुलाजवळ तीच बसते, अंथरुण ओले करणाऱ्याची चादर तीच धुते, आणि देणगीदार आले की चहाचा ट्रे घेऊन तीच मागे उभी असते. तिचा पगार तुटपुंजा असतो. सुट्टीच्या दिवशी तिच्या जागी कोणी नसते म्हणून सुट्टीही नसते. ती थकून सोडून जाते, दुसरी येते, आणि मुलांना पुन्हा पहिल्यापासून जमवून घ्यावे लागते. एखाद्या मंडळाने ठरविले की, आपण केक, फुगे, भेटवस्तू काहीच देणार नाही, फक्त एका साहाय्यक गृहमातेचा पगार पाच वर्षे देणार, तर त्या मंडळाने त्या बालगृहासाठी केलेले काम कोणत्याही नव्या इमारतीहून मोठे ठरेल. अशा दानाला उद्घाटन नसते, कोनशिला नसते. देणगीदारांना ते फारसे आवडत नाही. विजेचे बिल, संडासाची दुरुस्ती, हिशेबनिसाचे वेतन यांचीही तीच गत आहे.

पैसे द्यावयाचे ते धनादेशाने किंवा बँकेमार्फत, पावती घेऊन, आणि वर्षाअखेरीस लेखापरीक्षित हिशेब मागून. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी मंडळ्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. परंतु परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीचे अथवा तेथील मंडळीचे पैसे तशी ठरतात, आणि ती घेण्यास परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे प्रथम दिल्लीतील भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावे लागतात, आणि एका संस्थेने ते दुसरीकडे वळविता येत नाहीत. ओळखीच्या संस्थेच्या खात्यातून छोट्या बालगृहाकडे पैसे पोहोचविण्याची जुनी सोय त्यामुळे बंद झाली आहे.

यापुढचा मुद्दा काहींना न रुचण्याचा संभव आहे. बालगृहातील पुष्कळ मुलांना आई असते, आजी असते. नसतो तो घरभाड्याचा पैसा, किंवा आई कामावर गेल्यावर मूल सांभाळणारे माणूस. कायदाही संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानतो. केंद्र शासनाच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, अशा मुलाला घरीच ठेवण्यासाठी दरमहा ४००० रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते. पण त्यासाठी अर्ज लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो, बँकेचे खाते लागते, जिल्ह्याच्या कार्यालयात चार-पाच खेपा घालाव्या लागतात. धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीने या खेपा घालाव्यात तर तिचा रोज बुडतो. मंडळीतील निवृत्त शिक्षिका, कचेरीत नोकरी केलेल्या स्त्रिया यांना कागदपत्रांचे भय नसते. त्यांनी अशा एका आईसोबत त्या कार्यालयात जाऊन बसणे, हे बालगृहाला केलेले साह्यच आहे. त्यातून एक खाट रिकामी राहते, आणि जिला खरोखरच कोणी नाही अशा मुलीला ती मिळते.

आणि शेवटी, जी मुलगी अठरा वर्षांची होऊन बालगृहातून बाहेर पडते तिच्याविषयी. कायद्यात एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे; प्रत्यक्षात तिच्या हाती एक पेटी, शाळेचे दाखले आणि कोणाचा तरी पत्ता एवढेच असते. तिला नोकरी मिळते, खोली मिळते, कालांतराने तिचे लग्नही होते. तिला मिळत नाही ते माहेर. सणाला कोठे जावे, सासरी बिनसले तर कोणाला सांगावे, पहिल्या बाळंतपणाला कोणाच्या घरी यावे, हे प्रश्न तिच्यापुढे उभे राहतात, आणि त्यांचे उत्तर कोणत्याही शासकीय योजनेत नाही. महिला मंडळातील दोन-तीन घरांनी मिळून अशा एका मुलीचे माहेर व्हावे. तिच्या लग्नात तिच्या बाजूने उभे राहावे, जावयाला नाताळात जेवावयास बोलवावे, सातव्या महिन्यात तिला घेऊन यावे, सव्वा महिना तिला डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा द्याव्यात, बाळाला तेल लावून न्हाऊ-माखू घालावे, आणि ती परत निघाली की कुंची-टोपडे आणि दुपटी बांधून द्यावीत. हे कसे करावयाचे, ते सभागृहातील कोणत्याही स्त्रीला शिकविण्याची गरज नाही.